सांध्यावरचा पहारा

कोपरखैरण्याच्या पश्चिमेला सेक्टरांची रांग संपते आणि तिवरांची हिरवी भिंत सुरू होते. सकाळी फिरायला निघालेली मंडळी त्या भिंतीपर्यंत जातात आणि परततात. हिवाळ्यात रोहित पक्ष्यांचे थवे आले की दुर्बिणी बाहेर निघतात, शाळकरी मुलांना आईवडील कौतुकाने पक्षी दाखवतात. एरवी त्या भिंतीपलीकडची ठाण्याची खाडी ही इथल्या नोकरदार कुटुंबांच्या लेखी भरतीच्या वेळी येणाऱ्या वासापुरतीच असते. देशाची सीमा म्हटले की डोळ्यांसमोर उभे राहते ते कारगिल, सियाचीन, फार तर कच्छचे रण. आपल्या घराच्या मागच्या बाजूला सीमा असू शकते, हा विचार सहसा कोणाच्या मनात येत नाही.

पण ही खाडी वाशीच्या पुलांखालून दक्षिणेला सरकते, तुर्भ्याच्या अणुसंशोधन केंद्राला वळसा घालते, मुंबई बंदराच्या विस्तीर्ण पाण्यात मिसळते आणि तिथून थेट अरबी समुद्रात उघडते. या वाटेवर कुठेही फाटक नाही. वाटेच्या दोन्ही अंगांना मात्र भाभा अणुसंशोधन केंद्र, तेलवाहू जहाजांचे जवाहर द्वीप, १९८९ पासून चालू असलेले न्हावाशेवा बंदर, करंजाचा नौदलाचा शस्त्रसाठा आणि पश्चिम नौदल कमांडची गोदी आहे. १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी-न्हावाशेवा सागरी सेतू खुला झाला, ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले. राष्ट्राच्या संपत्तीचा एवढा दाट संचय एवढ्या उथळ पाण्याकाठी क्वचितच कुठे असेल. त्या अर्थाने कोपरखैरण्याचा नागरिक सीमावर्ती भागातच राहतो. त्याला ते कोणी सांगितलेले नाही, इतकेच.

या पाण्याची राखण कोण करते, असे विचारले तर उत्तराला एक लांबलचक यादी मिळते. खोल समुद्रात नौदल, त्याच्या आत तटरक्षक दल, किनाऱ्यालगत सागरी पोलीस. शिवाय सीमाशुल्क खाते, बंदर प्रशासन, औद्योगिक सुरक्षा दल, मत्स्यव्यवसाय विभाग, राज्याचे सागरी मंडळ आणि गुप्तवार्ता विभाग. खाडीतील तिवरांपुरता वनविभागाचा कांदळवन कक्षही त्यात येतो. नावे मोजता मोजता सामान्य माणसाला वाटते, एवढे राखणदार असताना भय कसले? भय नेमके तिथेच आहे. लाकडी होडी फळीतून सहसा गळत नाही, ती सांध्यातून गळते. म्हणून जुने कारागीर फळ्यांपेक्षा सांध्यांची काळजी अधिक घेत, त्यांत कापूस आणि राळ ठासून भरत. एका यंत्रणेची हद्द जिथे संपते आणि दुसरीची सुरू होते, त्या सांध्यात काय भरले आहे, हा सागरी सुरक्षेचा खरा प्रश्न आहे. महाराष्ट्राने त्या प्रश्नाचे उत्तर दोनदा रक्ताने दिले आहे.

१९९३ च्या प्रारंभी रायगड जिल्ह्यात दिघी आणि शेखाडी येथे स्फोटके उतरली. ती समुद्रातून गुपचूप आली असे म्हणणे हा शब्दांचा गैरवापर ठरेल, कारण ती किनाऱ्यावर उतरवून, गाड्यांत भरून, रस्त्याने मुंबईत नेण्यात आली. वाटेत राखणदार होते. त्यांतील काही विकले गेले होते, हे पुढे न्यायालयात सिद्ध झाले. १२ मार्च १९९३ रोजी मुंबईत २५७ माणसे मेली. उरलेल्या स्फोटकांचा मोठा साठा ठाण्याजवळ नागला बंदरच्या खाडीत टाकून दिलेला सापडला. खाडी म्हणजे शहराची मागची बाजू, तिथे कोणी बघत नाही, हे शत्रूच्या हस्तकांना नागरिकांच्या कितीतरी आधी उमगले होते.

त्यानंतर ‘ऑपरेशन स्वान’ सुरू झाले. महाराष्ट्र आणि गुजरातच्या किनाऱ्यावर नौदल, तटरक्षक दल, पोलीस आणि सीमाशुल्क खाते यांनी मिळून तीन पदरी गस्त घालावी, अशी ती योजना होती. कल्पना योग्यच होती. पण आपल्याकडे योजनेचे आयुष्य तिच्या पहिल्या उत्साहाइतकेच असते. आतल्या पदराची गस्त भाड्याच्या मच्छीमारी नौकांवर चालत राहिली आणि हळूहळू ती एक नित्याची नोंद होऊन बसली. २००५ मध्ये केंद्राने किनारी सुरक्षा योजना मंजूर केली, तिच्यात सागरी पोलीस ठाणी आणि २०४ वेगवान नौकांची तरतूद होती. तीन वर्षांनी हल्ला झाला तेव्हा त्यांतल्या बहुसंख्य नौका किनाऱ्यावर पोहोचलेल्याच नव्हत्या. तत्कालीन सरकारला निधीची नव्हे, निकडीची टंचाई होती.

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्रीबद्दल पुष्कळ लिहून झाले आहे. ताज, ट्रायडंट, नरिमन हाऊस, छत्रपती शिवाजी टर्मिनस यांची चित्रे आजही मनातून जात नाहीत. परंतु त्या रात्रीचा सर्वांत बोलका प्रसंग या इमारतींत घडला नाही, तो त्यापूर्वी कुलाब्याच्या मच्छीमार नगरच्या किनाऱ्यावर घडला. कराचीहून निघालेल्या दहा जणांनी पोरबंदरची ‘कुबेर’ ही नौका पळवली होती. तिच्यावरचे खलाशी मारले आणि तांडेल अमरसिंह सोळंकी यांना मुंबई दिसेपर्यंत जिवंत ठेवून मग त्यांचाही गळा चिरला. ‘कुबेर’ भारतीय नौका होती. कोणत्याही रडारवर ती भारतीय नौका म्हणूनच दिसली असती. एका छोट्या रबरी होडीतून ते किनाऱ्याला लागले तेव्हा कटकला भारत-इंग्लंड सामना चालू होता आणि वस्तीतली बरीच माणसे दूरचित्रवाणीसमोर होती. तरीही काही कोळी स्त्री-पुरुषांना ते दिसले. होडी आपली नाही, माणसे आपली नाहीत, पाठीवरचे ओझे मासेमारीचे नाही, हे त्यांनी क्षणात ताडले. त्यांनी विचारणा केली, उद्धट उत्तर मिळाले, आणि मग त्यांनी पोलिसांना कळवले.

दहशतवाद्यांना सर्वप्रथम हटकणारी माणसे कोणत्याही दलाच्या वेतनपटावर नव्हती. त्यांनी आपले काम चोख केले. त्यांचे शब्द पुढे कुठे पोहोचायला हवे होते, कोणी उचलायला हवे होते आणि कोणाला कोणती नौका पाठवायचा अधिकार होता, याची उत्तरे त्या रात्री कोणाजवळही नव्हती. समुद्रमार्गे हल्ल्याच्या सूचना गुप्तवार्ता यंत्रणांकडे आधी आल्या होत्या. मच्छीमारांच्या नेत्यांनीही काही महिने आधी असाच इशारा दिला होता. नंतर नौदल, तटरक्षक दल आणि गुप्तवार्ता यंत्रणा यांच्यात कोणती सूचना कोणाला मिळाली आणि ती पुरेशी नेमकी होती की नव्हती, यावर जाहीर वाद झाला. १६६ माणसांचा बळी गेल्यावर यंत्रणांनी टपालाच्या नोंदवह्या तपासाव्यात, यापेक्षा लाजिरवाणे ते काय? गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांनी रिकाम्या हातांनी कसाबची बंदूक धरली नसती, तर ते कुठून आले हेसुद्धा वर्षानुवर्षे वादाचा विषय राहिले असते.

सांधा निखळला की पराक्रम वाया जातो, हा धडा या किनाऱ्याला नवा नाही. जंजिऱ्याच्या मोहिमेत लाय पाटील या कोळी सरदाराने अशक्य वाटणारे काम अंगावर घेतले. रात्रीच्या अंधारात तो किल्ल्याच्या तटापर्यंत गेला आणि त्याने शिड्या लावल्या. पण वर चढणारी फौज वेळेवर आली नाही. पहाट होऊ लागली तसा नाइलाजाने त्याला शिड्या काढून परतावे लागले. छत्रपती शिवाजी महाराजांनी त्याचा दोष मानला नाही, उलट त्याला पालखीचा मान दिला. दर्यात फिरणाऱ्याला पालखी काय कामाची, असे त्याने नम्रपणे म्हटल्यावर महाराजांनी ‘पालखी’ नावाचे गलबतच त्याला दिले, असे इतिहासकार सांगतात. कोळ्याने शिडी लावली आणि सरकारी फौज पोहोचली नाही. २००८ च्या नोव्हेंबरमध्ये कुलाब्याला याहून वेगळे काय घडले? फरक एवढाच की महाराजांनी लाय पाटलाचा सन्मान केला, आणि मच्छीमार नगरच्या कोळ्यांच्या वाट्याला मुख्यत्वे साक्षीपुराव्यांचे हेलपाटे आले.

दुसरे उदाहरण अधिक कडू आहे. कान्होजी आंग्र्यांनी उभारलेल्या आरमाराने इंग्रज आणि पोर्तुगीज दोघांनाही जेरीस आणले. पण पुढे तुळाजी आंग्रे आणि पुण्याचा दरबार यांच्यात बेबनाव झाला, तो इतका की पेशव्यांनी त्यांच्याविरुद्ध इंग्रजांचीच मदत घेतली. फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गाच्या बंदरात इंग्रजांनी आंग्र्यांचे आरमार जाळले. त्या मोहिमेत क्लाइव्ह होता, आणि पुढच्याच वर्षी तो प्लासीला होता. भूमीवरील सत्ता आणि सागरावरील सत्ता या एकाच राष्ट्रदेहाच्या दोन भुजा आहेत, याचे विस्मरण झाले त्याची किंमत केवळ कोकणाने नव्हे, साऱ्या हिंदुस्थानाने मोजली. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारावर स्वतंत्र प्रकरण आहे. ते वाचणारे दरबारात तेव्हा फारसे उरले नसावेत.

२००८ नंतर केंद्राला उशिरा का होईना, जाग आली हे मान्य करावे लागेल. फेब्रुवारी २००९ मध्ये सागरी आणि किनारी सुरक्षेची एकूण जबाबदारी नौदलावर सोपवण्यात आली. प्रादेशिक सागरातील किनारी सुरक्षेसाठी तटरक्षक दल उत्तरदायी ठरले आणि सागरी पोलिसांशी समन्वयाचे कामही त्याच्याकडे आले. मुंबई, कोची, विशाखापट्टणम आणि पोर्ट ब्लेअर येथे संयुक्त संचालन केंद्रे उभी राहिली. नौदलात सागर प्रहरी बल आणि ८० वेगवान नौकांची भर पडली. हे सारे आवश्यक होते. पण ३१ जुलै २०११ रोजी ‘एमव्ही पवित’ नावाचे मोठे तेलवाहू जहाज, ज्यावर एकही माणूस नव्हता, ओमानच्या बाजूने वाहत वाहत तिन्ही पदर ओलांडून थेट जुहूच्या वाळूत येऊन रुतले. जुहूच्या लोकांनी सकाळी उठून ते पाहिले. आज ही गोष्ट विनोद म्हणून सांगितली जाते. तो विनोद नव्हता, ती फुकट मिळालेली चाचणी होती आणि व्यवस्था तिच्यात नापास झाली होती.

खरा पालट त्यापुढच्या काळात दिसू लागला. दीपगृहांच्या मनोऱ्यांवर आणि किनाऱ्यावरील इतर मोक्याच्या जागी रडार बसले, पहिल्या टप्प्यात ४६ ठिकाणी. २३ नोव्हेंबर २०१४ रोजी तत्कालीन संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांनी गुरुग्राम येथे माहिती व्यवस्थापन व विश्लेषण केंद्राचे उद्घाटन केले. नौदल आणि तटरक्षक दलाच्या ५१ ठिकाणांना जोडणाऱ्या जाळ्याचा तो मध्यबिंदू. कोणते जहाज कुठे आहे, कुठून आले, आपली ओळख लपवते आहे का, याचे एकच चित्र आता मुंबईलाही दिसते आणि कोचीलाही. २२ डिसेंबर २०१८ रोजी तिथेच हिंदी महासागर क्षेत्रासाठी माहिती एकत्रीकरण केंद्र सुरू झाले. मित्रराष्ट्रांचे संपर्क अधिकारी तिथे आपल्या अधिकाऱ्यांशेजारी बसून काम करतात. पाच-सहा हजार मैलांवर एखाद्या जहाजाने नाव बदलले तर ती बातमी आपल्या दारात येण्यापूर्वी कळावी, हा त्यामागचा हेतू. जानेवारी २०१९ पासून ‘सी व्हिजिल’ या नावाने साऱ्या किनारी राज्यांचा एकत्र सराव होऊ लागला, आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये देशाला पहिले राष्ट्रीय सागरी सुरक्षा समन्वयक मिळाले. राष्ट्राने समुद्राकडे पाठ फिरवण्याची शतकांची सवय मोडली, असे यावरून म्हणता येते.

अमेरिकेचा अनुभव इथे नजरेखालून घालण्यासारखा आहे. कॅनडाच्या जोडीने १९५८ पासून आकाशाचा संयुक्त पहारा करणारी तिची यंत्रणा जगातील सर्वांत समर्थ मानली जाई. पण तिचे डोळे बाहेर लागलेले होते. ११ सप्टेंबर २००१ रोजी संकट देशातीलच विमानतळांवरून उडाले. नागरी हवाई खात्याला कळलेली गोष्ट हवाई संरक्षणाला कळेपर्यंत वेळ निघून गेली होती. १ ऑक्टोबर २००२ रोजी त्यांनी स्वदेशाच्या रक्षणासाठी स्वतंत्र नॉर्दर्न कमांड उभारली. गंमत अशी की या कमांडच्या हाताखाली कायमस्वरूपी सैन्य फार थोडे असते. १८७८ च्या कायद्याने लष्कराला पोलिसी काम करण्यास तिथे मज्जाव आहे, आणि नॅशनल गार्ड एरवी राज्यांच्या गव्हर्नरांच्या अधिकारात असते. मग ही कमांड करते काय? ती मुख्यतः इतरांबरोबर काम करण्याची तयारी करते, संकट येण्यापूर्वी ओळखी घट्ट करते, आणि कोण कोणाला काय मागू शकतो हे आधीच ठरवून ठेवते. जगातील सर्वांत बलाढ्य सेनेलाही आपल्याच घरात भागीदारांवाचून चालत नाही, याची ती कबुली आहे.

भारतातील अडचण याच जातीची आहे. संविधानाप्रमाणे पोलीस हा राज्यांचा विषय आहे. पश्चिम नौदल कमांडचे प्रमुख हे किनारी संरक्षणाचेही प्रमुख असले, तरी ते नवी मुंबईच्या एखाद्या हवालदाराला आज्ञा देऊ शकत नाहीत, देऊही नये. म्हणजे शेवटचा पदर, जो किनाऱ्याला आणि खाडीला चिकटून आहे, तो आज्ञेवर नव्हे तर सहकार्यावर उभा आहे. आणि तोच सर्वांत जीर्ण आहे. सागरी पोलिसांच्या नौका नादुरुस्त पडून असणे, त्या चालवायला प्रशिक्षित माणसे नसणे, इंधनावर मर्यादा असणे, ही तक्रार महालेखापरीक्षकांच्या अहवालांतून वारंवार आली आहे. साताऱ्या-सोलापूरच्या दुष्काळी गावात वाढलेला, आयुष्यात समुद्र न पाहिलेला शिपाई बदलीवर सागरी ठाण्यात येतो, पहिल्याच गस्तीत त्याला पाणी लागते, आणि दोन वर्षांनी तो कुठे रुळतो न रुळतो तोच त्याची बदली जमिनीवरच्या ठाण्यात होते. यात त्या शिपायाचा काय दोष? नवी मुंबई पोलीस आयुक्तालयात एनआरआय सागरी आणि मोरा सागरी अशी ठाणी आहेत. ठाण्याच्या नावात ‘सागरी’ शब्द असणे आणि ठाण्यातील माणूस सागरी असणे यांत जे अंतर आहे, ते कोणत्याही रडारने भरून निघणार नाही.

ते अंतर भरू शकतो तो इथला आगरी-कोळी समाज. नवी मुंबई ज्या ९५ गावांच्या जमिनीवर उभी राहिली, त्या गावांचा तो मूळ रहिवासी. कोपर, खैरणे, बोनकोडे ही नावे आज रेल्वे स्थानकांवर आणि बसच्या पाट्यांवर उरली असली, तरी ती मुळात खाडीकाठच्या गावांची नावे आहेत. ज्याच्या पिढ्या या पाण्यात गेल्या त्याला भरती-ओहोटीची वेळ पंचांगात पाहावी लागत नाही. चिखलातली कोणती वाट ओहोटीला उघडी पडते, अनोळखी होडीचे इंजिन कसे वाजते, कोणते जाळे कोणत्या हंगामात टाकले जाते, हे त्याला उपजत कळते. अवेळी, चुकीच्या जागी, चुकीच्या जाळ्यासह उभी असलेली होडी त्याच्या डोळ्याला खुपते. गुरुग्रामच्या पडद्यावर ती कधीच उमटणार नाही, कारण त्या रडारजाळ्याची नजर समुद्राकडे लागलेली असते. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरमध्ये पंतप्रधानांच्या हस्ते आरंभ झालेल्या योजनेतून एक लाख यांत्रिक मासेमारी नौकांवर संदेशवहन यंत्रे बसवण्याचे ठरले, हे स्वागतार्हच आहे. परंतु खाडीतल्या वल्ह्याच्या होडीला ते यंत्र नाही. तिथे यंत्र म्हणजे कोळ्याचा डोळा.

आणि हा डोळा मिटू लागला आहे. ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कारखान्यांनी आणि दोन्ही तीरांवरील शहरांच्या सांडपाण्याने खाडीतील मासळीची जी दशा केली, ती कोणत्याही कोळीवाड्यात विचारून पाहावी. मासळी गेली की होडी जाते, आणि होडी गेली की त्या पाण्यावर रात्री-अपरात्री हजर असणारा एकमेव देशबांधव जातो. खाडीचे प्रदूषण हा पर्यावरणवाद्यांचा विषय आणि किनारी सुरक्षा हा लष्कराचा विषय, अशी विभागणी मंत्रालयात सोयीची असेल, पाण्याला ती मान्य नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये ठाणे खाडीला रामसर पाणथळ क्षेत्राचा दर्जा मिळाला. हा दर्जा रोहित पक्ष्यांइतकाच कोळ्यांच्याही उपयोगी पडला, तर संरक्षण खात्याने त्याचे आभार मानावेत.

भागीदाराला भागीदाराप्रमाणे वागवले जाते का, हाही प्रश्न आहे. ओळखपत्र दाखव, परवाना दाखव, टोकन दाखव, इथपर्यंत ठीक. राष्ट्राच्या सुरक्षेसाठी तपासणी सोसायला कोळी कुरकुर करत नाही. पण तपासणीच्या वेळी तो संशयित आणि माहिती हवी असते तेव्हा तो ‘सागराचा पहारेकरी’, असे दुहेरी मापन चालणार नाही. डिझेलच्या परताव्यासाठी त्याने महिनोन्‌महिने वाट पाहायची, आणि बैठकीत मात्र त्याला देशप्रेमाचे धडे द्यायचे, हे ऐकायलाही बरे वाटत नाही. सागर रक्षक दलाच्या स्वयंसेवकांना ओळख, प्रशिक्षण आणि किमान साधने नियमित मिळाली पाहिजेत. त्याने दिलेल्या सूचनेचे पुढे काय झाले, हेही त्याला कळवले पाहिजे. ज्याची हाक तीनदा वाया जाते, तो चौथ्यांदा हाक मारत नाही.

२२ सप्टेंबर २०१६ ची उरणची घटना या दृष्टीने पुन्हा आठवावी. उरीच्या हल्ल्याला चार दिवस झाले होते. शाळेत जाणाऱ्या मुलांनी काळ्या वेशातील शस्त्रधारी माणसे पाहिल्याचे सांगितले. शाळेने पोलिसांना कळवले, आणि काही तासांत नौदल, तटरक्षक दल, दहशतवादविरोधी पथक, राष्ट्रीय सुरक्षा दलाचे कमांडो असे सारे शोधकार्यात उतरले. काहीच सापडले नाही. मग वृत्तवाहिन्यांवर थट्टा सुरू झाली, मुलांवर आणि पोलिसांवरही. वस्तुतः त्या दिवशी जे घडले ते २००८ च्या रात्री घडायला हवे होते. एका सामान्य माणसाचा शब्द वर पोहोचला आणि सर्व यंत्रणा एकाच वेळी हलल्या. सांधा पक्का होता. शंका खोटी ठरली म्हणून मुलांना हसणाऱ्यांनी मच्छीमार नगरची शंका खरी ठरली होती, हे लक्षात ठेवावे. १८ ऑगस्ट २०२२ रोजी हरिहरेश्वरच्या किनाऱ्याला रायफली असलेली बेवारस बोट लागली. त्यातही घातपात नव्हता, पण ती बातमी स्थानिकांकडून पोलिसांपर्यंत लगेच गेली.

तरीही निश्चिंत व्हावे अशी स्थिती नाही. ६ फेब्रुवारी २०२४ रोजी कुवेतहून निघालेली एक मासेमारी बोट मुंबईच्या उंबऱ्यापर्यंत येऊन ठेपली, तेव्हा कुठे पोलिसांच्या गस्तीने ती अडवली. तिच्यावर मालकाच्या जाचाला कंटाळून पळालेले कन्याकुमारीचे तिघे गरीब खलाशी होते. त्यांच्या जागी दुसरे कोणी असते तर? सारा अरबी समुद्र ओलांडताना बाहेरच्या दोन पदरांना ती कळली नाही, आणि अडवली ती आतल्या, ज्याला सर्वांत दुबळा म्हणतात त्या पदराने. या एका घटनेत अभिमानाला जागा आहे आणि चिंतेलाही. प्रशासनाने दोन्हींची नोंद एकाच कागदावर करावी.

मध्यमवर्गीय नागरिकाने यात करायचे काय? ७ मे २०२५ रोजी देशभर नागरी संरक्षणाचा सराव झाला तेव्हा महाराष्ट्रातील मुंबई, उरण आणि तारापूर ही ठिकाणे सर्वांत संवेदनशील गटात होती. भोंगे वाजले, अनेकांना तो आवाज आयुष्यात प्रथमच ऐकू आला. त्याच पहाटे ‘ऑपरेशन सिंदूर’मध्ये तिन्ही सेनादलांनी एका योजनेने शत्रूच्या अड्ड्यांवर प्रहार केला होता. त्या काही दिवसांत गृहनिर्माण संस्थांच्या बैठकांत तळघर, अंधार, पाण्याचा साठा यांची चर्चा झाली. चार आठवड्यांत ती पुन्हा वाहनतळाच्या भांडणांवर आली. सराव वर्षातून एकदा होतो, सवय रोज लागते. सागरी पोलिसांचा १०९३ आणि तटरक्षक दलाचा १५५४ हे क्रमांक कोपरखैरण्यातील किती घरांत ठाऊक असतील? खाडीकाठी फिरणाऱ्या शेकडो माणसांपैकी किती जण तिवरांत रात्री चालणाऱ्या हालचाली पाहून, डेब्रिज टाकणाऱ्या गाड्या पाहून, कोणाला तरी कळवतात? ज्या रस्त्याने रात्री बेकायदा राडारोडा येऊ शकतो, त्या रस्त्याने दुसरेही काही येऊ शकते.

वर्षातून दोनदा ‘सागर कवच’ सराव होतो. एक तुकडी घुसखोर बनून किनारा गाठण्याचा प्रयत्न करते आणि बाकीच्यांनी तिला पकडायचे असते. या सरावाची व्याप्ती ठाणे खाडीत ऐरोलीपर्यंत नेमाने न्यावी, आणि त्याचा निकाल, गुप्त भाग वगळून, कोळीवाड्यांना आणि खाडीकाठच्या नागरिकांना सांगावा. सागरी ठाण्यातील नेमणुका किनारी जिल्ह्यांतील तरुणांतून आणि किमान पाच वर्षांसाठी व्हाव्यात. आगरी-कोळी तरुणांना त्या भरतीत प्राधान्य देण्यात कायद्याची अडचण असेल तर कायदा तपासावा. नौकांच्या दुरुस्तीचा निधी खरेदीच्या निधीबरोबरच मंजूर व्हावा, कारण बंद पडलेली वेगवान नौका ही घाटावर बांधलेल्या ओंडक्याहून वेगळी नसते.

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ अर्पण होतो आणि होड्या सजतात. त्या दिवशी वाशी, दिवाळे, करावे, मोरा येथील धक्क्यांवर पुढाऱ्यांची गर्दी असतेच. पुढच्या पौर्णिमेला सागरी ठाण्याचा निरीक्षक, तटरक्षक दलाचा एखादा अधिकारी आणि कोपरखैरण्याच्या दोन-चार गृहनिर्माण संस्थांची मंडळीही तिथे जावीत. भाषणे नकोत. तांडेलाचे नाव, होडीचा क्रमांक, निरीक्षकाचा भ्रमणध्वनी एवढे एकमेकांच्या वहीत उतरले, तरी होड्या पाण्यात जाण्यापूर्वी त्या सकाळचे काम झालेले असेल.